नोकरी गेली, घरात मरण आलं, तरी ‘उपकारस्तुती’? ख्रिस्ती लोक कृतज्ञता शिकतात तरी कशी?

जून २०२०. लॉकडाऊन नुकताच कुठे सैल होत होता आणि त्याच आठवड्यात पप्पांना कंपनीतून फोन आला. उद्यापासून येऊ नका. चौदा वर्षांची नोकरी दोन मिनिटांच्या फोनवर संपली.

त्या रात्री आमच्या नगरच्या घरात खिचडी आणि लोणचं होतं. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. आजीने मात्र नेहमीसारखे डोळे मिटले, हात जोडले आणि जेवणाआधीची प्रार्थना सुरू केली. या अन्नाबद्दल, या घराबद्दल, आजच्या दिवसाबद्दल प्रभूची उपकारस्तुती.

मी तेव्हा मास कम्युनिकेशनच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि माझं डोकं सणकलं. प्रार्थना संपल्यावर मी विचारलंच, “आजी, आजच्या दिवसाचे कसले गं आभार?”

आजी शांतपणे म्हणाली, “ताटात जे आहे त्याचे आभार मानले, बाळा. जे गेलं, त्यावरून माझं त्याच्याशी भांडण चालूच आहे. ते रात्री, एकटी असताना.”

तेव्हा मला ते उत्तर पटलं नव्हतं. पण नंतर सोशल मीडियावर ‘ग्रॅटिट्यूड’ची लाट आली. डायरीत रोज ३ गोष्टी लिहा, सकाळी उठून युनिव्हर्सला थँक यू म्हणा, नव्या गाडीच्या फोटोखाली ‘ब्लेस्ड’ लिहा. हे सगळं बघताना आजीचं ते वाक्य पुन्हा पुन्हा आठवायचं. कारण रील्समधली कृतज्ञता आणि आजीची कृतज्ञता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं कळत होतं. फरक काय, ते कळत नव्हतं.

तर आज तेच समजून घेऊया. ख्रिस्ती परंपरेत कृतज्ञता म्हणजे नेमकं काय, ती शिकायची कशी आणि सगळं वाईट चाललेलं असताना आभार मानणं हा ढोंगीपणा नाही का?

सगळ्यात आधी, ‘उपकारस्तुती’ म्हणजे काय?

मराठी ख्रिस्ती घरांत हा शब्द कायम कानावर पडतो. जेवणाआधी उपकारस्तुती, वाढदिवसाला उपकारस्तुती, ऑपरेशन नीट पार पडलं की उपकारस्तुतीची सभा. मराठी बायबलमध्येही हाच शब्द येतो. देवाने केलेले उपकार आठवायचे आणि त्याबद्दल त्याची स्तुती करायची, असा त्याचा सरळ अर्थ.

आपल्या नेहमीच्या मराठीतला ‘कृतज्ञता’ हा शब्दही बघण्यासारखा आहे. कृत म्हणजे केलेलं आणि ज्ञ म्हणजे जाणणारा. आपल्यासाठी कुणी काय केलं हे जो जाणतो तो कृतज्ञ. याच्या उलट कृतघ्न, म्हणजे केलेलं मारून टाकणारा. थोडक्यात काय, तर कृतज्ञतेचा संबंध मूडपेक्षा आठवणीशी जास्त आहे.

आता जरा ग्रीक भाषेकडे जाऊ, कारण बायबलचा नवा करार मुळात ग्रीकमध्ये लिहिला गेला. आभार मानण्यासाठी तिथे जो शब्द आहे तो ‘युखरिस्तिया’. त्याच्या पोटात ‘खारिस’ हा शब्द आहे, म्हणजे कृपा, न मागता मिळालेली देणगी. आजही ग्रीसमध्ये दुकानदाराला थँक यू म्हणायचं असेल तर याच शब्दाचं आजचं रूप वापरतात.

कॅथलिक मिस्सेचा जो गाभा, ज्याला प्रॉटेस्टंट लोक प्रभुभोजन म्हणतात, त्याचं एक सगळ्यात जुनं नावसुद्धा ‘युखरिस्त’ आहे. म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या मुख्य विधीचं नावच मुळी ‘आभार’ असं आहे.

आणि या विधीत आठवण कुठल्या दिवसाची काढतात? तर येशूच्या शेवटच्या रात्रीची. शुभवर्तमानांनुसार सोबत जेवायला बसलेल्यांपैकी एक जण त्याला पकडून देणार होता, बाकीचे पळून जाणार होते आणि दुसऱ्या दिवशी क्रूस होता. हे सगळं त्याला ठाऊक होतं. तरी त्याने भाकर हातात घेतली, आभार मानले, मग ती मोडली आणि वाटली.

म्हणजे ख्रिस्ती धर्मातले सगळ्यात महत्त्वाचे आभार कुठल्या चांगल्या दिवशी मानलेले नाहीत. ते आयुष्यातल्या सगळ्यात वाईट रात्री मानलेले आहेत. हा मुद्दा डोक्यात ठेवा, कारण पुढचं सगळं इथूनच निघतं.

दहा जण बरे झाले, परत आला एकच

लूकच्या शुभवर्तमानाच्या १७ व्या अध्यायात एक छोटा प्रसंग आहे. दहा कुष्ठरुग्ण येशूला लांबूनच हाक मारतात. लांबूनच, कारण त्या काळी अशा त्वचारोग्यांना वस्तीत यायला मनाई होती. घर, बाजार, देऊळ सगळं बंद. येशू त्यांना सांगतो, जा, याजकांना दाखवून या. कारण माणूस बरा झाला की नाही, हे ठरवून त्याला परत समाजात घेण्याचा अधिकार याजकांकडे होता.

ते निघतात आणि वाटेतच बरे होतात. दहातला एक जण मागे फिरतो, मोठ्याने देवाचा गौरव करत येतो आणि येशूच्या पायाशी पडतो. तो असतो शोमरोनी, म्हणजे यहुदी लोक ज्यांना परकं आणि कमी लेखायचे त्या समाजातला. येशू विचारतो, बाकीचे नऊ कुठे आहेत?

आता आपण त्या नऊ जणांना लगेच कृतघ्न म्हणून मोकळे होतो. पण जरा विचार करा, त्यांनी चूक काय केली? जे सांगितलं होतं तेच करायला तर ते निघाले होते. किती वर्षांनी बायकोला, पोरांना भेटायचं होतं. त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही घराकडेच धावलो असतो.

गोष्टीचा मुद्दा तोच आहे. मिळालेलं सगळ्यांना कळतं, पण देणाऱ्याकडे वळून बघणं आपोआप होत नाही. त्यासाठी चालता चालता थांबावं लागतं. म्हणून ख्रिस्ती परंपरा कृतज्ञतेला स्वभाव न मानता सवय मानते. आणि सवय म्हटली की ती शिकावी लागते.

जेलमधून आलेलं आभाराचं पत्र

‘शिकावी लागते’ हे खुद्द पौलानेच लिहून ठेवलंय. पौल म्हणजे पहिल्या शतकात गावोगावी फिरून ख्रिस्ती मंडळ्या उभ्या करणारा माणूस. नव्या करारातली बरीच पत्रं त्याच्या नावावर आहेत.

त्यातलं फिलिप्पै गावच्या लोकांना लिहिलेलं पत्र त्याने कैदेतून लिहिलंय. तिथल्या लोकांनी त्याला मदत पाठवली होती, त्याची ही पोचपावती. एका अर्थाने हे जेलमधून आलेलं थँक यू लेटर आहे. पत्रभर आनंद करा, आभार माना असा सूर आहे आणि शेवटाकडे तो एक महत्त्वाची कबुली देतो. भरल्या पोटी असो की उपाशी, आहे त्यात समाधानी राहायला आपण शिकलो आहोत, अशा अर्थाचं तो लिहितो.

शिकलो आहोत. म्हणजे आधी येत नव्हतं. संत म्हणून ज्याच्या नावाने चर्चेस आहेत, त्यालाही हे जन्मजात जमत नव्हतं, ही गोष्ट आपल्यासारख्यांना बरीच दिलासा देणारी आहे.

‘परिस्थितीत’ की ‘परिस्थितीबद्दल’?

इथे खरा पेच सुरू होतो. थेस्सलनीका गावच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौल प्रत्येक परिस्थितीत आभार मानायला सांगतो. हे पत्र साधारण इसवी सन ५० च्या सुमाराचं, म्हणजे नव्या करारातल्या सगळ्यात जुन्या लिखाणांपैकी एक.

बरेच अभ्यासक इथे एका छोट्या शब्दाकडे बोट दाखवतात. पौल म्हणतो परिस्थिती‘त’ आभार माना, परिस्थिती‘बद्दल’ नव्हे. नोकरी गेली याबद्दल आभार मानायचे नाहीत. नोकरी गेलेली असतानाही जे उरलंय, जे कुणी सोबत उभं आहे, त्याबद्दल मानायचे. आजीने नेमकं तेच केलं होतं.

पण थांबा, गोष्ट इतकी सोपी नाही. इफिस इथल्या लोकांना लिहिलेल्या पत्रात ‘सगळ्याबद्दल’ आभार मानायचा उल्लेख आहे. त्यामुळे यावर ख्रिस्ती लोकांमध्येच दोन मतं आहेत.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण कॉरी टेन बूम यांचं. या नेदरलँड्सच्या. दुसऱ्या महायुद्धात नाझींपासून ज्यूंना घरात लपवलं म्हणून या कुटुंबाला अटक झाली. कॉरी आणि त्यांची बहीण बेट्सी रावेन्सब्रुकच्या छळछावणीत पोहोचल्या. त्यांच्या बराकीत पिसवांचा सुळसुळाट होता. बेट्सीचं म्हणणं, आपण पिसवांबद्दलही आभार मानायचे. कॉरीचं म्हणणं, हे काही मला जमणार नाही. नंतर त्यांच्या लक्षात आलं की त्याच पिसवांमुळे पहारेकरी बराकीत पाऊल टाकत नव्हते आणि म्हणून त्यांना गुपचूप बायबल वाचता येत होतं.

ही गोष्ट चर्चमध्ये खूप सांगितली जाते. पण पुढचं कमी सांगितलं जातं. डिसेंबर १९४४ मध्ये बेट्सी त्याच छावणीत वारली. पिसवांनी बायबल वाचवलं, बेट्सीला नाही. म्हणून या गोष्टीतून ‘जे होतं ते चांगल्यासाठीच होतं’ असा सोपा निष्कर्ष काढणं, म्हणजे छावणीत मेलेल्या हजारो बायकांकडे डोळेझाक करणं आहे.

मग रडायचंच नाही का?

उलट. बायबलमध्ये रडायला, भांडायला, जाब विचारायला भरपूर जागा आहे.

बायबलमधलं प्रार्थनांचं पुस्तक म्हणजे स्तोत्रसंहिता. त्यात १५० स्तोत्रं आहेत. आपल्याला वाटेल सगळी देवाचे गोडवे गाणारी असतील. पण त्यातली साधारण एक तृतीयांश स्तोत्रं विलापाची आहेत. किती दिवस असं चालणार, तू झोपलायस का, मला विसरलास का, असे थेट प्रश्न. ८८ वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळसुद्धा नाही. आणि हे स्तोत्र कुणी पुस्तकातून काढून टाकलं नाही.

क्रूसावर येशूने जो आक्रोश केला तोही २२ व्या स्तोत्राची सुरुवात आहे, देवाने आपल्याला टाकून का दिलं असं विचारणारी. ते स्तोत्र पुढे जात जात आभारापर्यंत पोहोचतं. पण पोहोचतं रडण्यातून. रडणं टाळून नाही.

म्हणजे ख्रिस्ती परंपरेत तक्रार आणि आभार एकमेकांचे शत्रू नाहीत. दोन्ही एकाच्याच कानावर घालायच्या गोष्टी आहेत. ज्याच्याशी भांडता येतं त्याचेच आभार मनापासून मानता येतात, हे आपल्याला घरातल्या माणसांवरूनही माहीत आहे.

दिवसाला चाळीस-पन्नास अंत्यविधी करणारा पाळक

याचं इतिहासातलं एक उदाहरण बघू. जर्मनीतल्या सॅक्सनी भागात आयलेनबुर्ग नावाचं तटबंदीचं गाव आहे. १६१८ ते १६४८ या काळात युरोपात तीस वर्षांचं युद्ध चाललं. तटबंदी म्हणून आजूबाजूचे निर्वासित या गावात शिरले. गर्दी वाढली, अन्न संपलं आणि १६३७ मध्ये महामारी आली.

गावचे पाळक होते मार्टिन रिंकार्ट. बाकीचे पाळक मेले किंवा निघून गेले, रिंकार्ट एकटे राहिले. काही दिवशी चाळीस-पन्नास अंत्यविधी करायची वेळ आली. त्या वर्षी त्यांनी चार हजारांहून जास्त लोकांना मूठमाती दिली. त्यात त्यांची बायकोही होती. महामारीपाठोपाठ दुष्काळ आला, तेव्हा त्यांनी घरात होतं नव्हतं ते लोकांना वाटलं.

याच रिंकार्ट यांचं, याच युद्धाच्या काळातलं एक गीत आज जगभरातल्या चर्चेसमध्ये गातात. ‘नुन डांकेट आले गॉट’ हे ते गीत. विषय काय, तर देवाचे आभार. आणि हे मुळात कुठल्या विजयोत्सवासाठी लिहिलेलं नव्हतं. ती घरच्यांसोबत जेवणाच्या वेळी म्हणायची छोटी प्रार्थना होती.

कोविडच्या वर्षात स्मशानाबाहेरच्या रांगा आपण पाहिल्यात. त्यामुळे रिंकार्ट यांची गोष्ट आपल्याला चारशे वर्षांपूर्वीची वाटत नाही. त्यांच्या घरातही रोज संध्याकाळी कुणीतरी ताट वाढत असणार, एक जागा रिकामी असणार आणि तरी ती प्रार्थना म्हटली जात असणार.

उपकाराचं ओझं आणि पंडिता रमाबाई

आता एक अडचण, जी खास आपल्या मराठीतली आहे. ‘उपकार’ हा शब्द आपल्याकडे जड आहे. आपण म्हणतो, उपकाराचं ओझं झालं. भांडणात म्हणतो, काय उपकार केलेस का माझ्यावर? उपकार म्हटला की मागोमाग परतफेड आली, मिंधेपणा आला. मग देवाची उपकारस्तुती म्हणजे आयुष्यभराचा मिंधेपणा का?

याचं उत्तर पुस्तकापेक्षा एका मराठी बाईच्या आयुष्यात जास्त चांगलं सापडतं. पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. १८७० च्या दशकातल्या दुष्काळी दिवसांत दक्षिण भारतात फिरत असताना त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि मोठी बहीण वारले. भाऊ आणि त्या उपाशीपोटी पायी फिरत कलकत्त्यापर्यंत पोहोचले. तिथे त्यांच्या संस्कृत विद्वत्तेमुळे ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ हे किताब मिळाले. पुढे भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत नवरा गेला. पदरात लहानगी मनोरमा.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज इथल्या अँग्लिकन सिस्टर्सनी त्यांना आसरा दिला. तिथेच त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आता या सिस्टर्सचे उपकार छोटे नव्हते. परक्या देशात छप्पर, शिक्षण, मुलीची काळजी. पण जेव्हा त्यांनी अपेक्षा केली की रमाबाईंनी चर्चची प्रत्येक शिकवण निमूटपणे मान्य करावी, तेव्हा रमाबाईंनी ठाम नकार दिला. माझी सद्सद्विवेकबुद्धी माझी आहे, ती मी कुणाच्या हवाली करणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा यावरचा लांबलचक पत्रव्यवहार पुढे पुस्तकरूपात छापलाही गेला. रमाबाई त्या सिस्टर्सना आपलं मानत राहिल्या आणि वादही घालत राहिल्या.

मग ऋण फेडलं कसं? १८९६-९७ मध्ये मध्य भारतात भीषण दुष्काळ पडला. त्या बातम्यांनी रमाबाईंना स्वतःचा दुष्काळ आठवला. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि उपाशी, निराधार, वाईट धंद्यांत ओढल्या जाऊ शकणाऱ्या मुलींना घेऊन आल्या. पुण्याजवळच्या केडगावला त्यांच्यासाठी वस्ती उभी राहिली. तेच आजचं मुक्ती मिशन. शेकडो मुली तिथे राहिल्या, लिहायला-वाचायला, छपाई, विणकाम, शेती शिकल्या.

यात दोन गोष्टी दिसतात. एक, कृतज्ञ असणं म्हणजे मिंधं असणं नाही. ज्याने मदत केली त्याला ‘नाही’ म्हणता येतं. आणि दोन, ख्रिस्ती विचारात देवाच्या कृपेची परतफेड होऊच शकत नाही, ती फक्त पुढे देता येते. रमाबाईंना जे मिळालं ते त्यांनी मागे वळून फेडलं नाही, पुढच्या उपाशी मुलीला दिलं.

बरं, पण रोजच्या आयुष्यात हे शिकतात कसं?

परंपरेत याच्या अगदी साध्या पद्धती आहेत. त्यातल्या तीन बघू.

पहिली, जेवणाआधीची प्रार्थना. दिवसातून दोन-तीनदा, भूक लागलेली असताना, समोर ताट असताना अर्धा मिनिट थांबायचं. त्या दहातल्या एकासारखं वळून बघायचं. मूड असो वा नसो. अनेकदा ती यांत्रिक होते हे खरं आहे. पण वाईट दिवशी स्वतःचे शब्द सुचत नाहीत, तेव्हा हीच पाठ झालेली प्रार्थना उपयोगी पडते.

दुसरी, रात्रीचा आढावा. ही पद्धत इग्नेशियस लोयोला यांची. हे मूळचे स्पेनचे योद्धे. १५२१ मध्ये पाँप्लोनाच्या लढाईत तोफगोळा लागून त्यांचा पाय मोडला, अंथरुणावर पडल्या पडल्या आयुष्य बदललं आणि पुढे त्यांनी जेझुइट संघ स्थापन केला. आपल्या मुंबईतलं १८६९ चं सेंट झेवियर्स कॉलेज याच संघाचं. इग्नेशियस यांच्या आढाव्याला पाच पायऱ्या आहेत. आधी आजच्या दिवसातल्या देणग्यांबद्दल आभार. मग स्वतःकडे नीट बघता यावं म्हणून प्रकाश मागणं. मग सकाळपासूनचा दिवस डोळ्यांपुढून नेणं. जिथे चुकलो तिथे क्षमा. आणि शेवटी उद्यासाठी निश्चय.

क्रम बघा. चुका मोजण्याआधी देणग्या मोजायच्या. १५४२ मधल्या एका पत्रात इग्नेशियस यांनी कृतघ्नता ही सगळ्या पापांची सुरुवात आहे, असंही म्हटलंय. आणि आढाव्यातल्या देणग्या ढोबळ नसतात. ‘सगळ्याबद्दल थँक यू’ असं न म्हणता, आज बसमध्ये कुणी जागा दिली, डबा कुणी भरून दिला, हे एकेक आठवायचं.

तिसरी, सुगीचे सण. मुंबईतल्या गावठाणांमध्ये ईस्ट इंडियन समाज ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा साजरा करतो. भाताच्या नव्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये आणतात आणि त्या आशीर्वादित होतात. शेतं जाऊन टॉवर आले, तरी लोंब्या येतात. गोव्यात हेच कोणसाचं फेस्त. राय गावात ते ५ ऑगस्टला असतं. आपल्याकडच्या नवान्न पौर्णिमेशी याचं नातं कुणालाही दिसेल. पहिलं पीक आधी देणाऱ्यापुढे ठेवायचं, मग आपण खायचं.

बायबलमध्येही याचा विधी सांगितलाय. अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या २६ व्या अध्यायात. पहिल्या पिकाची टोपली घेऊन यायचं आणि स्वतःचा इतिहास मोठ्याने सांगायचा. आमचे पूर्वज भटके होते, आम्ही मिसरात गुलाम होतो, तिथून सुटलो. आणि मग मेजवानीत कुणाला बसवायचं? तर आपल्यात राहणाऱ्या परक्यालाही. म्हणजे आभार मानताना आपण कधीकाळी काय होतो हे आठवायचं आणि आज त्या जागी कोण आहे ते बघायचं.

आमच्या चर्चमध्ये सुगीच्या उपासनेला लोक भोपळे, बाजरी, कोंबड्या घेऊन येतात आणि नंतर त्यांचा लिलाव होतो. एका भोपळ्यावर बोली पाचशेपर्यंत जाते, सगळे हसतात आणि पैसे गरजूंच्या मदतीला जातात.

विज्ञान काय म्हणतं?

२००३ मध्ये रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅककला या मानसशास्त्रज्ञांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांचे तीन गट केले. एकाने दर आठवड्याला आभार मानण्यासारख्या गोष्टी लिहायच्या, दुसऱ्याने वैताग देणाऱ्या आणि तिसऱ्याने नुसत्या घडामोडी. दहा आठवड्यांनी आभार लिहिणारा गट आयुष्याबद्दल जास्त समाधानी आणि आशावादी दिसला. आज घरोघरी दिसणाऱ्या ग्रॅटिट्यूड जर्नलच्या लोकप्रियतेमागे या अभ्यासाचा मोठा वाटा आहे.

पण नंतर असे अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा नैराश्य आणि चिंतेवरचा परिणाम छोटाच असल्याचं दिसलं. म्हणजे डायरी चांगली, पण ती डॉक्टरची जागा घेऊ शकत नाही. नैराश्यात असलेल्या माणसाला ‘देवाचे आभार मान, बरं वाटेल’ एवढंच सांगून सोडून देणं धोक्याचं आहे.

आणखी एक फरक आहे. डायरीत आभार मानले तर पुरतात, कुणाचे मानले हे नाही सांगितलं तरी चालतं. ख्रिस्ती उपकारस्तुतीत समोर कुणीतरी असतं. विश्वास नसलेल्या माणसाला हा भाग पटणार नाही, ते साहजिक आहे. पण आभार कुणाला तरी म्हणायचे असतात, ही गोष्ट माणसांच्या बाबतीतही खरी आहे. आईबद्दल डायरीत पान भरून लिहिणं आणि आईला तोंडावर सांगणं यात किती फरक आहे, ते करून बघितल्यावर कळतं.

‘आभार मान’ म्हणजे ‘गप्प बस’ नव्हे

शेवटचा मुद्दा, आणि तो सांगायलाच हवा. कृतज्ञतेचा उपदेश बहुतेक वेळा वरून खाली येतो. नवरा मारतो म्हणणाऱ्या बाईला सांगितलं जातं, निदान घर तरी आहे ना, देवाचे आभार मान. पगार थकलेल्या कामगाराला सांगितलं जातं, नोकरी आहे यातच समाधान मान. चर्चमध्येही असं होतं, चर्चबाहेरही होतं.

पण वर जे सगळं पाहिलं त्यात याला आधार कुठे आहे? येशूने आभार मानले आणि त्याच आठवड्यात मंदिरातल्या व्यापाऱ्यांची टेबलंही उलटवली. पौलाला फिलिप्पैत बेकायदा फटके मारून डांबलं होतं. मध्यरात्री तो कोठडीत स्तुतिगीतं गात होता, पण सकाळी अधिकारी म्हणाले गुपचूप निघून जा, तेव्हा तो अडून बसला. आम्ही रोमन नागरिक आहोत, तुम्ही स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्या. त्यांना यावं लागलं. रमाबाईंनी आसरा देणाऱ्यांपुढेही मान तुकवली नाही.

म्हणजे ओळखायची खूण सोपी आहे. आभार माणूस स्वतःहून मानतो तेव्हा ती कृतज्ञता असते. दुसऱ्याने त्याचं तोंड बंद करायला ते मानायला लावले, तर तो दबाव असतो. स्वतःच्या दुःखात आभार शोधणं हा आपला हक्क आहे. दुसऱ्याच्या दुःखात त्याच्या वतीने ते शोधून द्यायचा हक्क आपल्याला नाही. तिथे आपलं काम त्याच्या शेजारी बसणं एवढंच.

पप्पांना नवी नोकरी मिळायला सात महिने लागले, पगार आधीपेक्षा कमी. त्या सात महिन्यांत शेजारच्या मावशींनी दोनदा किराणा भरून दिला, पप्पांच्या एका मित्राने माझी फी भरली. आजी त्या प्रत्येकाचं नाव जेवणाच्या प्रार्थनेत घ्यायची. तेव्हा मला लाज वाटायची, आपली गरिबी मोठ्याने वाचून दाखवल्यासारखी. आता कळतं की ती यादी ठेवत होती. कुणी काय केलं हे घरातल्या कुणी विसरू नये म्हणून.

आजी दोन वर्षांपूर्वी गेली. त्या रात्री जेवायला बसल्यावर प्रार्थना कुणी करायची, असा प्रश्न पडला. सगळे गप्प. शेवटी मीच डोळे मिटले आणि तिच्या पद्धतीने नावं घ्यायला सुरुवात केली. पहिलं नाव तिचंच होतं. भांडण मी रात्रीसाठी ठेवलं.